आधी आलेला मासा

एकदा एका टाकीत एक मासा इतर सर्वांच्या आधी पोहोचला. त्यात त्याचे कर्तृत्व काही नव्हते. त्याला आणून सोडले होते. पण आधी येणे हाच आपला पराक्रम, अशा थाटात तो तिथे राहू लागला. आणि गंमत अशी की, भोवतालच्या माणसांनाही त्यात वावगे काही दिसले नाही.

ही टाकी होती एका वृद्ध कारागिराच्या कारखान्यात. माशांसाठी काचेच्या टाक्या बनवणे हा त्याचा चाळीस वर्षांचा व्यवसाय. काच मापावी, कापावी, कडा घासाव्यात, सिलिकॉनने जोडाव्यात, पाणी भरून दिवसभर गळती तपासावी. गावात त्याला सगळे नुसते ‘मिस्त्री’ म्हणत. मासे का मरतात हे विचारायला लोक येत आणि जाताना स्वतःच्या घरातले एखादे कोडे सोडवून घेऊन जात. मिस्त्री कमी बोले. कमी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला लोक शहाणा म्हणतातच. हा मात्र खरोखर थोडा शहाणा होता. थोडा, हे लक्षात ठेवावे.

त्या वर्षी मिस्त्रीने कारखान्याच्या दर्शनी भागात चार फुटांची नमुन्याची टाकी उभारली. वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र नांदताना गिऱ्हाइकाला दिसावेत, हा हेतू. तळाला धुतलेली वाळू, मधोमध झाडाचे एक वाळके मूळ, दगड, हिरव्या पाणवनस्पती. दसऱ्याला हत्यारांबरोबर टाकीचीही पूजा करायचे ठरले. पण मासे यायचे होते आठ दिवसांनी. तेव्हा शेजारचा कापडाचा व्यापारी म्हणाला, “मिस्त्री, नुसत्या पाण्याची पूजा करतात होय? सणाच्या दिवशी काहीतरी जिवंत सोडा की आत!”

आणि त्यानेच उत्साहाने एक फायटर आणून दिला. निळाभोर, लांब झुलत्या परांचा. हा मासा दुकानात एकेकटा बाटलीत ठेवतात, कारण दोन नर समोरासमोर आले की एकमेकांचे पर फाडतात. मिस्त्रीचा हात टाकीवर क्षणभर थबकला. मग मुहूर्त टळेल म्हणून त्याने मासा सोडला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. चार फुटांच्या पाण्यात एकटा फायटर पर पसरून फिरू लागला आणि सगळे म्हणाले, वा!

आठ दिवसांनी बाकीचे आले. दहा निऑन, चार काळ्या मोली आणि तळाशी चरणारे सहा मिशीवाले. सारी गरीब जात. दुसऱ्याच दिवशी एका मोलीची शेपटी कुरतडलेली दिसली. तिसऱ्या दिवशी एक निऑन मरून तरंगला.

आता त्या कारखान्यातल्या दुसऱ्या एका रहिवाशाकडे वळू. त्याचे नाव हणमंत. मिस्त्रीचा सर्वांत जुना शिष्य, वय चाळिशीच्या पुढे. बारा वर्षे तो खिडकीजवळच्या मेजाशी, त्याच स्टुलावर बसून काच कापत होता. बारा वर्षे एका जागी बसलेल्या माणसाला आपण अनुभवी म्हणतो. नुसते ‘बसलेला’ म्हटले तर त्याला राग येतो. हणमंतच्या हातात कसब होते, यात शंका नाही. पण नवीन शिकणाऱ्याने आधी तीन वर्षे वाळू धुवायची, मगच काच कापायच्या हिऱ्याला हात लावायचा, हा नियम तो तळहातावरच्या फोडासारखा जपत असे. त्याने स्वतः धुतली होती. भर थंडीत, मोरीपाशी उकिडवे बसून, बोटे सुन्न होईपर्यंत. त्या तीन वर्षांनीच आपल्याला कारागीर केले, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

दोन महिन्यांपूर्वी वैजू आली. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेली, जिभेला हाड नसलेली. तिला मोरी दाखवण्यात आली. ती वाळू धुवायची आणि धुता धुता विचारायची, “दादा, वाळूचं पाणी नितळ आलं, म्हणजे मी काय शिकले?”

“धीर,” हणमंत म्हणायचा.

“तो तर कॉलेजातच संपला. आता कुठून आणू?”

हणमंत जेवायलाही मेज सोडत नसे. डबा मांडीवर, एक डोळा हिऱ्यावर. पण त्या सोमवारी बँकेचे काम निघाले आणि त्याला तासभर जावे लागले. परत येऊन पाहतो तो मेजावर एक काच कापून ठेवलेली. बरोबर मापाची. त्याने कडेवरून बोट फिरवले. कड इतकी सरळ आणि स्वच्छ होती, की हे जमले कसे, असा प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला. तिथेच तो त्याने गिळला, आणि त्याच्या जागी आवाज चढवला.

“कुणी लावला माझ्या हिऱ्याला हात?”

“मी,” वैजू मोरीपाशी उभी राहत म्हणाली. “आणि हिरा कारखान्याचा आहे ना?”

हणमंत तडक मिस्त्रीपुढे जाऊन उभा राहिला. मिस्त्री दाराशी, पंख्याखाली, आपल्या वेताच्या खुर्चीत बसला होता.

“मिस्त्री, एक तर ती राहील, नाही तर मी. बारा वर्षं घातलीत त्या मेजाशी. आज सांगा.”

मिस्त्रीने वैजूकडे पाहिले. तिचे हात ओले होते आणि हनुवटी वर होती. घरी तिने सांगून ठेवले होते की इथे जमले नाही तर बापाने शोधलेल्या स्थळाला होकार देईन. हे मिस्त्री आणि हणमंत दोघांनाही ठाऊक होते.

“आठ दिवसांनी सांगतो,” मिस्त्री हणमंतला म्हणाला. “तोवर माझं एक काम कर. त्या टाकीत काय चाललंय ते मला नीट कळेना झालंय. डोळे गेले माझे. तू तीन दिवस समोर बस. कोणता मासा कुठवर जातो आणि कुठून मागे फिरतो, तिथे काचेवर खूण कर. बाकी काही करू नकोस.”

“आणि गिऱ्हाइकाची कामं?”

“राहू देत.”

हणमंतला हे विचित्र वाटले. मिस्त्रीचे डोळे गेले नव्हते, काचेतला केसाएवढा तडा त्याला लांबून दिसे. पण हणमंतने काचेवर खुणा करायची पिवळी तेलकट पेन्सिल घेतली आणि स्टूल ओढून तो टाकीसमोर बसला.

पहिला तास कंटाळ्यात गेला. मग हळूहळू त्याला त्यात रस वाटू लागला. फायटर मुळाच्या टोकापासून निघायचा, तपकिरी दगडाला वळसा घालायचा, वरच्या रुंद पानापर्यंत जाऊन परत फिरायचा. सारखी तीच फेरी. एखादी मोली दगडाच्या अलीकडे आली की तो तिरासारखा सुटायचा. पलीकडे असली तर तिच्याकडे बघायचाही नाही. हणमंतने तिथे टिंब केले. तळाशी मिशीवाले वाळू हुंगत पुढे सरकायचे आणि एका ठिकाणी अचानक थांबायचे, जणू तिथे भिंत आहे. तिथे दुसरे टिंब. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिंबांची रेघ झाली. टाकीचे तीन भाग केले तर दोन भाग एकट्या फायटरचे होते. उरलेल्या कोपऱ्यात, जिथे पाणी फिरवणाऱ्या विजेच्या गाळणीचा झोत सर्वांत जोरात येई, तिथे एकोणीस जीव अंग चोरून उभे होते.

“दादा, एवढं काय दिसतंय?” वैजूने बादली नेता नेता विचारले.

“तुला काय करायचंय?” हणमंत म्हणाला. पण न राहवून पुढे म्हणाला, “हे बघ. खाणं पडतं ते याच्या हद्दीत. हा खातो किती? चार दाणे. बाकीचं तळाशी कुजतंय. पण दुसऱ्याला येऊ देत नाही.”

“खात नाही आणि खाऊही देत नाही?”

“हद्दच ती त्याची.”

“कुणी दिली?”

हणमंत पुन्हा काचेकडे वळला. वैजू बादली घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी त्याला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती त्याच्या मनातून जाईना. फायटर झोपतच नव्हता. या माशाला पानावर पडून विसावायची सवय असते, हे हणमंतला माहीत होते. वरचे रुंद पान रिकामे होते, त्याचेच होते. पण तो तिथे टेकला की कुठेतरी एखादा निऑन हलायचा आणि हा उठून सीमेवर धावायचा. हवा घ्यायला वर तोंड काढायचा तेही घाईघाईने. त्याचे निळे पर कडेला विरले होते. ते कुणी फाडले नव्हते; धावूनधावूनच विरले असावेत, असे हणमंतला वाटले. एवढे मोठे राज्य, आणि बसायला फुरसत नाही!

त्याच संध्याकाळी व्यापारी डोकावला. पिवळी रेघ पाहून हसला. “अहो मिस्त्री, सोपं आहे. त्या काळ्या मोली काढून टाका. फायटर कसा राजबिंडा दिसतो! तो राहू दे.”

“खरंय,” हणमंत म्हणाला. “आधी आलेल्याचा हक्क असतोच.”

“असतो?” मिस्त्रीने खुर्चीतूनच विचारले.

शुक्रवारी सकाळी मिस्त्रीने जे केले, त्याने हणमंत चक्रावून गेला. म्हाताऱ्याने जाळीने फायटरला अलगद उचलले, एका मोठ्या बरणीत सोडले आणि बरणीला भोवतीने वर्तमानपत्र गुंडाळले. मग बाह्या सारून दोन्ही हात टाकीत घातले आणि लावलेली टाकी मोडायला सुरुवात केली. मूळ उपटले. दगड बाहेर. वनस्पती मुळांसकट बाहेर. पाणी गढूळले. एकोणीस मासे वेड्यासारखे इकडून तिकडे पळू लागले.

“मिस्त्री! अहो, मुळं धरलेली झाडं! महिन्याची मेहनत!” हणमंत ओरडला. “दोष त्या एकाचा, आणि शिक्षा सगळ्या टाकीला?”

मिस्त्रीने फडक्याने घासून काचेवरची पिवळी रेघ पुसली. मग सगळे पुन्हा मांडले, पण वेगळे. मूळ उजवीकडे आडवे. दगड तीन ठिकाणी विखुरलेले. रुंद पान मागे. गाळणीचा झोत भिंतीकडे वळवला. दुपारपर्यंत पाणी निवळले. मासे एकेक कोपरा हुंगत फिरू लागले, नव्या घरात बिऱ्हाड हलवलेल्या माणसांसारखे.

दोन दिवस फायटर बरणीत होता. मिस्त्री रोज त्याचे थोडे पाणी बदले. रविवारी संध्याकाळी त्याने हणमंतला आणि वैजूला जवळ बोलावले आणि फायटरला टाकीत सोडले.

फायटरने पर पसरले. आपल्या दगडाकडे गेला. दगड तिथे नव्हता. मुळाकडे वळला, तिथे मोकळी वाळू होती आणि एक मिशीवाला निवांत चरत होता. फायटरने त्याच्याकडे तोंड केले, गलफडे फुगवली. पण कुठून हाकलायचे आणि कुठवर, हे त्याला कळेना. मिशीवाल्यालाही पळायचे कुठे, हे माहीत नव्हते, म्हणून तो पळाला नाही. थोडा वेळ दोघे तसेच राहिले. मग फायटर वळला आणि टाकी बघू लागला. पहिल्यांदाच आल्यासारखा. बऱ्याच वेळाने मागचे रुंद पान त्याला सापडले. तो त्यावर टेकला. समोरून दोन निऑन गेले. तो उठला नाही.

“झोपला,” हणमंत हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्य होते.

तेव्हा मिस्त्री बोलला. “चूक माशाची नव्हती रे. अशा टाकीत फायटर सोडायचाच तर सगळ्यांत शेवटी सोडायचा, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. मी मुहूर्तासाठी आधी सोडला. आठ दिवस तो एकटा होता, तेवढ्यात त्याने प्रत्येक दगड ओळखीचा करून घेतला. मग जो येईल तो त्याला चोर वाटणारच. त्याला मारून उपयोग नाही आणि मोली काढूनही नाही. जागाच नवी केली, म्हणजे सगळे एकाच दिवशी आलेले झाले. नेहमी जमतंच असंही नाही. काही फायटर तरीही कुणाला जगू देत नाहीत. त्यांना मग जन्मभर वेगळी टाकी द्यावी लागते. पण ते ठरवायच्या आधी दगड हलवून बघायचे.”

हणमंतने मान डोलावली. फार पटले त्याला. घरी जाताना त्याने बायकोलाही फोनवर सांगितले की आज मिस्त्री लाखमोलाचं बोलले. अशा गोष्टी ऐकून माना डोलावणारे लोक पुष्कळ असतात. दृष्टांत नेहमी शेजाऱ्यासाठीच असतो, अशी त्यांची समजूत असते.

सोमवारी, आठव्या दिवशी, तो कारखान्यात शिरला आणि दारातच थांबला.

शहाबादी फरशीवर पिवळी रेघ होती. खिडकीपासून निघालेली, मेजाला वळसा घालून हिऱ्याच्या कप्प्यापर्यंत, तिथून मापाच्या चांगल्या पट्ट्या टांगलेल्या भिंतीपर्यंत, आणि परत. खोलीचे तीन भाग केले तर दोन भाग. मोरीच्या ओल्या कोपऱ्यात वैजू उभी होती. हातात तीच तेलकट पेन्सिल.

“हे काय?” हणमंतने विचारले.

“तुम्ही तीन दिवस टाकी बघत होता, दादा. मी दोन महिने तुम्हाला बघतेय. मी जिथे आले की तुम्ही मान वर करता, तिथे टिंब केलं. मग जोडली टिंबं.”

हणमंतचा चेहरा लाल झाला. काहीतरी जळजळीत बोलायला त्याने तोंड उघडले, आणि त्याची नजर दाराशी गेली. पंख्याखालच्या वेताच्या खुर्चीभोवतीही एक गोल होता.

“आणि ते?”

“ते मिस्त्रींचं,” वैजू म्हणाली आणि मागे आलेल्या म्हाताऱ्याकडे वळली. “मिस्त्री, आज तुम्ही निकाल देणार. त्याआधी एक सांगा. टाकीतले दगड हलवायला तुम्हाला एक सकाळ पुरली. इथले बारा वर्षं का हलवले नाहीत?”

मिस्त्री आपल्या खुर्चीभोवतीच्या गोलाकडे पाहत होता. हणमंतला वाटले, आता म्हातारा काहीतरी खोल, शहाणे बोलेल आणि पोरीचे तोंड बंद होईल.

“कारण माझी खुर्ची बरी होती,” मिस्त्री म्हणाला. “हणमंत खिडकीशी बसला की काम व्हायचं आणि मला उठावं लागायचं नाही. मग त्याची हद्द कुठवर गेली, हे मी बघितलंच नाही. बघितलं, पण बोललो नाही.”

“पण वाळूचा नियम?” हणमंत म्हणाला. “धीर यायला तीन वर्षं लागतात, तुम्हीच...”

“वाळू धुवायला आठ दिवस शिकावं लागतं, हणमंत. पुढची तीन वर्षं मला वाळू धुणारा माणूस हवा होता. धीर वगैरे नाव नंतर दिलं.”

हणमंत स्टुलाला धरून उभा राहिला. थंडीतली ती मोरी त्याच्या डोळ्यांपुढे आली, ती सुन्न बोटे. बारा वर्षांचा सगळा डोलारा त्या तीन वर्षांवर उभा होता.

“मग माझी ती तीन वर्षं?”

मिस्त्रीने त्याच्याकडे सरळ पाहिले. “मी घेतली. परत देता येत नाहीत. तिची मात्र अजून घेतली नाहीत.”

मग मिस्त्रीने वाकून आपली वेताची खुर्ची उचलली आणि बाहेर अंगणात नेऊन ठेवली. परत आला आणि मेजाचे एक टोक धरले. त्या वयात ते त्याला एकट्याने उचलवणारे नव्हते. तो नुसता धरून उभा राहिला.

हणमंतने त्या टोकाकडे पाहिले. टाकीकडे पाहिले. फायटर मुळाच्या सावलीत होता आणि त्याच्या पोटाखालून एक मोली जात होती. हणमंत चालत गेला आणि त्याने मेजाचे दुसरे टोक उचलले.

दुपारपर्यंत कारखाना अंगणात होता. आत फक्त टाकी आणि रिकामी फरशी. मग सगळे पुन्हा मांडले. मेज मधोमध आले, दोन्ही बाजूंनी काम करता येईल असे. हिरा मेजाच्या मध्यावर. वाळूची पाळी तिघांत लागली आणि पहिली मिस्त्रीवर आली. तो कुरकुरत मोरीपाशी बसला. गुडघे वाजले, ते कुणी ऐकले नाही असे दाखवले. फरशीवरची पिवळी रेघ पुसायला घासलेट लागले.

दगड हलवणाऱ्याने सुरुवात आपल्या खुर्चीपासून करावी, एवढेच यातून घ्यायचे.

जेवायची वेळ झाली तेव्हा हणमंतने सवयीने मेजाकडे पाहिले, मग डबा घेऊन अंगणात गेला. पाय लांब करून भिंतीला टेकला. आतून हिरा काचेवर ओढल्याचा सरसर आवाज आला. त्याने मान वळवली नाही. अर्धी भाकरी झाल्यावर वैजू बाहेर आली, तेव्हा आठ दिवस गिळून ठेवलेला प्रश्न त्याने एकदाचा विचारला.

“ती त्या सोमवारची काच... एवढी सरळ कशी कापलीस गं? मला बारा वर्षांत तशी कड आली नाही.”

“उभ्याने कापली, दादा,” वैजू म्हणाली. “पूर्ण हात एका ओढीत जातो. बसून मनगटच चालतं.”

“उभ्याने? हे कुणी शिकवलं तुला?”

“शिकवणार कोण? स्टूल एकच, तेही तुमचं. बसायला जागा कुठे होती?”

हणमंतने घास हातातच धरला. मग तो हसला आणि भिंतीपाशी थोडा सरकला.

“बस,” तो म्हणाला. “जेवून झालं की दाखव मला.”